पूरग्रस्तांच्या निवारा केंद्रात आठवडाभर मदतीला जायचं आहे. जेवण वाढायचं काम मिळेल का? सोबत काय न्यावं?

वाढपी लागत नाहीत. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीने 43 फुटांची धोका पातळी ओलांडली की तालीम मंडळांचे जेवणाचे टेम्पो सुरू होतात आणि एका पातेल्याभोवती दहा माणसं डाव घेऊन उभी असतात. संडास धुवायला मात्र कुणी नसतं. यायचं तर त्या कामासाठी या.

हिशेब बघा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 2016 च्या किमान निकषांत 30 माणसांमागे 1 संडास धरलाय. शाळेत 400 माणसं उतरली तर 14 लागतात. शाळेत 6 असले तर एकावर जवळपास 67 माणसं येतात, तेही लहान मुलांच्या मापाचे. गुडघे धरलेल्या आजीला तिथे बसता येत नाही. प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक मधोमध कापून ती भांड्यावर ठेवायची आणि कापलेली कड कापडाने गुंडाळायची. असा एक संडास म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवा.

पाणी शिरलं की वीज बंद करतात. मग बोअरची मोटर चालत नाही, गच्चीवरची टाकी सकाळीच संपते आणि दुपारपर्यंत संडासाची भांडी तुंबतात. म्हणून पहिल्याच दिवशी संडासाच्या दाराशी 200 लिटरची दोन पिंपं भरून ठेवायची. संडासाच्या प्रत्येक खोलीत बादली, मग, आतून कडी, बाहेर साबण आणि रात्रभर चालेल असा चार्जिंगचा दिवा. दिवा आणि कडी नसली तर बाया संध्याकाळनंतर पाणी पिणंच सोडतात. मग लघवीला जळजळ, ताप, चक्कर सुरू होते आणि डॉक्टरांकडे रांग लागते.

धुण्याची पद्धत अशी. दर दोन तासांनी आधी साध्या पाण्याने खराट्याने घासा. मग 10 लिटर पाण्यात 150 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर विरघळवून ते पाणी भांड्यावर, फरशीवर आणि कडीवर टाका. दहा मिनिटं थांबून धुवा. टीसीएल प्लास्टिकच्याच बादलीत कालवा. ॲसिड आणि टीसीएल एकत्र कधीही वापरू नका, क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत माणूस गुदमरतो. नवखे लोक सर्वांत जास्त इथेच चुकतात. उघडं पोतं दमट हवेत लवकर निकामी होतं, वास उग्र येत नसेल तर ती पावडर बदला.

पिण्याच्या टाकीचं प्रमाण वेगळं. 1000 लिटरला 5 ग्रॅम पावडर, आधी बादलीत कालवून, गाळ बसू देऊन, वरचं निवळलेलं पाणी टाकीत ओतायचं. टीसीएलच्या 5-5 ग्रॅमच्या पुड्या बारीक काट्यावर आधीच तोलून ठेवा, अंदाजाने मूठ टाकू नका. अर्ध्या तासाने आरोग्य सेवकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, करून घ्या, रंग पिवळा आला नाही तर पुन्हा पुडी घाला.

पुराआधीच्या तयारीच्या बैठकांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘संडास हे पालिकेच्या माणसांचं काम, आपण सेवेला आलोय.’ मला ते अजिबात पटत नाही. ऑगस्ट 2019 ला कोल्हापूरची पाणी उपसा केंद्रंच पुरात बुडाली होती आणि महामार्ग कित्येक दिवस बंद होता. अशा वेळी पालिकेचा माणूस तुमच्या शाळेपर्यंत पोहोचणार कसा? त्याचं स्वतःचं घरही पाण्यात असू शकतं. 400 माणसांत एकाला जुलाब लागले आणि संडास तुंबलेला असला, तर तुमच्या पुरणपोळ्या कुणाच्या उपयोगाच्या?

जेवणाबद्दल एवढंच. गरम चपात्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पाठवू नका, वाफेने ओलावतात आणि संध्याकाळपर्यंत आंबतात. जागेवर शिजवलेली खिचडी बरी. जुने कपडे तर आणूच नका, ओले गठ्ठे कुजतात आणि झोपायची जागा खातात. नवे परकर, अंतर्वस्त्रं आणि सॅनिटरी नॅपकिन लागतात.

सोबत गमबूट, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, कडक खराटा, शिट्टी, स्वतःची गोळ्या-औषधं आणि पाच दिवसांचं कोरडं खाणं. धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच घ्या. लेप्टोची (पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची) गोळी आरोग्य केंद्रात विचारूनच घ्या. पायाला जखम असेल, दम्याचा त्रास असेल किंवा दिवस गेले असतील तर धुण्याचं काम घेऊ नका. नोंदवहीवर बसा आणि कुटुंबागणिक मधुमेह, रक्तदाब, डायलिसिस, बाळंतीण असं लिहून काढा. गोळ्या घरीच राहिलेल्यांची यादी पहिल्याच रात्री डॉक्टरांच्या हातात पडली पाहिजे.

निघण्याआधी 1077 वर जिल्हा नियंत्रण कक्षाला फोन करून कुठल्या केंद्रावर माणूस कमी आहे ते विचारा. आणि आठवडा मोजून येणार असाल तर पाणी उतरल्यावरचा घ्या. तोवर टेम्पो परत गेलेले असतात, शाळेची मैल्याची टाकी काठोकाठ भरलेली असते आणि मुलांचे वर्ग भरायच्या आत मैलागाडी बोलावून ती उपसून घ्यावी लागते.