भाड्यासाठी थ्री बीएचके घ्यावा की टू बीएचके?

नमस्कार ताई,

यजमानांच्या निवृत्तीचे ८० लाख, दरमहा काहीतरी हाती यावं ही गरज आणि नागपूरच्या बेसा भागातल्या एकाच स्कीममध्ये, बांधकाम चालू असतानाच पाहिलेले दोन फ्लॅट. थ्री बीएचके ७२ लाखांना, भाडं २२ हजार अपेक्षित. टू बीएचके ४४ लाखांना, भाडं १५ हजार. दीर म्हणतात, मोठाच घ्या. मी टू बीएचके घ्या म्हणेन.

आधी पूर्ण खर्च मांडू. थ्री बीएचकेवर ५ टक्के जीएसटी म्हणजे ३ लाख ६० हजार. मुद्रांक शुल्क, तुमच्या एकटीच्या नावावर घेतला आणि महिलांची १ टक्का सवलत धरली, तरी सुमारे ४ लाख ३० हजार. नोंदणीचे ३० हजार. झाले ८० लाखांच्या वर! घरात दुखणं निघालं तर हाताशी काहीच नाही, आणि फ्लॅटची एक खोली तेवढी विकता येत नाही.

टू बीएचकेचा कारपेट, म्हणजे आतली वापरायची जागा, ८०० चौरस फूट, म्हणजे सुमारे ७४ चौरस मीटर. नागपुरात ९० चौरस मीटरपर्यंतचं आणि ४५ लाखांच्या आतलं घर परवडणाऱ्या घरांत मोडतं, त्यावर जीएसटी फक्त १ टक्का, ४४ हजार. पण इथेच नीट बघा. बिल्डरच्या कोटेशनमध्ये खाली पार्किंगचे २ लाख वेगळे लिहिलेले असतील, तर तेही किमतीतच धरतात. मग ४६ लाख होतात आणि सगळ्या रकमेवर ५ टक्के, म्हणजे २ लाख ३० हजार. पार्किंगसकट आकडा ४५ लाखांच्या आत बसवून घ्या, त्याआधी टोकन देऊ नका.

मुद्रांक, नोंदणी धरून टू बीएचके साडेसत्तेचाळीस लाखांच्या आसपास पडतो. भाडं वर्षाला १ लाख ८० हजार, म्हणजे पावणेचार टक्के. थ्री बीएचकेचं जेमतेम सव्वातीन. शिवाय मेंटेनन्स चौरस फुटावर असतो, फ्लॅट रिकामा असला तरी भरावाच लागतो. मिहान (विमानतळाजवळचं औद्योगिक क्षेत्र), एम्समुळे तिकडे भाड्याने येतात ती बहुतेक नोकरीवाली तरुण जोडपी. त्यांना दोन खोल्या पुरतात. मोठ्या फ्लॅटचा भाडेकरू गेला की दुसरा मिळेपर्यंत वाट पाहणं जड जातं.

उरलेल्या साडेबत्तीस लाखांतले २५ लाख यजमानांच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ५१,२५० रुपये येतील. बाकीचे बँकेत, लागतील तेव्हा काढता येतील असे.

एक सांगून ठेवते: पैसे यजमानांचे असल्याने फ्लॅट तुमच्या नावावर असला तरी भाडं त्यांच्याच उत्पन्नात धरलं जाईल आणि कर त्यांनाच लागेल.

दिरांनी सुचवलेला बुटीबोरीकडचा प्लॉट तुमच्यासाठी नाही. त्यातून भाडं येत नाही, आणि आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं रिलीज लेटर) नसलेला प्लॉट विकायला निघालं की दमछाक होते.

मुलगा पुण्याहून परत येऊन तुमच्यासोबत राहणार असेल, तर मात्र हा सगळा हिशोब बाजूला ठेवा. राहायचं घर भाड्याच्या मापाने मोजू नये, तेव्हा थ्री बीएचकेच बरा. त्याला या आठवड्यात स्पष्ट विचारा आणि मगच टोकन द्या.