मल्लूखान हे नाव खंडोबाला कोणी दिले, यापेक्षा ते टिकले कसे हे पाहावे

आपण विचारले आहे की, सासरचे कुलदैवत खंडोबा असल्याने चंपाषष्ठी घरी कशी करावी, आणि खंडोबाला मुसलमानही मानतात ही गोष्ट खरी की अलीकडे कोणी जोडलेली. पहिल्या भागाचे उत्तर आपल्या सासूबाई माझ्यापेक्षा चांगले देतील, कारण मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला घट बसवण्यापासून षष्ठीला तो उठवेपर्यंतचा कुळाचार घराघरांत थोडा वेगळा असतो. दुसऱ्या भागाविषयी मात्र मला बोललेच पाहिजे, कारण याच प्रश्नावरून आमचे वडील आणि धाकटे काका यांचे अनेक वर्षे धड बोलणे नव्हते.

आमचे गाव कऱ्हेच्या काठचे. चंपाषष्ठीला बाजरीचा रोडगा, वांग्याचे भरीत, ठोंबरा आणि पातीचा कांदा असा नैवेद्य होतो, आणि चातुर्मासात वर्ज्य केलेली वांगी त्या दिवशी पहिल्यांदा घरात शिजतात. नैवेद्यातला वाटा आधी कुत्र्याला घातला जातो, मग तळी. ताम्हणात विड्याची पाने, सुपारी, खोबरे आणि भंडारा ठेवून, शेजारी दिवटी पेटवून, विषम संख्येने पुरुषांनी ते ताम्हण ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत उचलायचे असते, आणि आमच्याकडे ही संख्या पाचाखाली कधी येऊ दिली जात नसे. एका वर्षी ऊसतोड सुरू असल्याने चुलतभाऊ फडावरून वेळेत येऊ शकला नाही आणि चारच माणसे उरली. पाने घेऊन आलेले तांबोळी चाचा अंगणात उभे होते. ते वडिलांचे शाळेपासूनचे मित्र, आणि आमच्या तळीची पाने त्यांच्या वडिलांच्या काळापासून त्यांच्याच दुकानातून येत. वडिलांनी त्यांना हात धुऊन आत येण्यास सांगितले, चाचांनी टोपी सारखी केली, ताम्हणाला हात लावला आणि आमच्यापैकी कोणाहीपेक्षा मोठ्या आवाजात येळकोट केला.

काका त्या वेळी काही बोलले नाहीत. पंगत उठल्यावर, चाचा घरी गेल्यावर ते म्हणाले की, तळीला घरचाच माणूस पाहिजे, बाहेरच्याचा हात लागला तर ती देवाला पोहोचत नाही. वडिलांनी विचारले, ‘‘पाने त्याच्या हातची चालतात, मग हात का चालत नाही?’’ यावर काकांनी जे उत्तर दिले ते पुढे प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक बाराव्याला आम्ही ऐकत आलो: मल्लूखान, अजमतखान ही नावे सुलतानी अमलात देऊळ वाचवण्यासाठी लोकांनी भीतीने लावली, ती भक्ती नव्हे, युक्ती आहे.

काकांचे हे मत मला पटत नाही, आणि ते केवळ वडिलांच्या बाजूने बोलायचे म्हणून नव्हे. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह याने नळदुर्गच्या खंडोबाची वार्षिक यात्रा पुन्हा सुरू होण्यास आणि यात्रेकरूंना तेथे विधी करण्यास मान्यता दिली होती. सत्ता ज्याच्या हाती होती, त्याला खंडोबाच्या भक्तांची भीती बाळगण्याचे कारण नव्हते, आणि भक्तांनी नाव बदलून फसवावे इतका तो अनभिज्ञही नव्हता. दुसरे असे की, भीतीने लावलेले नाव भीती संपताच गळून पडते. मराठ्यांचे राज्य आले, होळकरांनी जेजुरीच्या गडकोटावर सढळ हाताने बांधकामे केली, पेशवाई आली आणि गेली, तरी मुसलमान भक्त देवाला मल्लूखानच म्हणत राहिले आणि जेजुरीत देवाच्या घोड्याची निगा परंपरेने मुसलमानाकडेच राहिली. युक्ती इतकी शतके कोणी कशासाठी चालवील?

काकांचा आवडता दाखला औरंगजेबाचा आहे. बादशहाची फौज जेजुरीवर आली, देवळातून भुंगे उठले, फौज पळाली आणि बादशहाने देवाला सोन्याचांदीची भेट पाठवली, अशी ती कथा. काका ती पराभवाची कथा म्हणून सांगतात, चाचाही तीच कथा सांगत, पण त्यांच्या सांगण्यात बादशहा शेवटी नवस फेडणारा भक्त होई. ती इतिहास म्हणून कोणीच सांगू नये, असे माझे मत आहे, परंतु दोन्ही अंगणांत ती सांगितली जाते यातच आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे.

शिवाय या देवाचा संसारच पाहा. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची, रंभाई शिंपीण, फुलाई माळीण आणि चंदाई भागवीण, जिला मुसलमान भक्त आपल्यातली मानतात. ज्या देवाने बाणाईसाठी धनगराच्या वाड्यावर मेंढरे राखली आणि म्हाळसेचा राग ओढवून घेतला, त्याच्या तळीला कोणाचा हात लागावा हे ठरवण्याचा अधिकार काकांना कोणी दिला, हे मला अजून समजलेले नाही.

तेव्हा आपल्या घरी माणूस कमी पडला आणि शेजारचा कोणी श्रद्धेने पुढे आला, तर त्याला बोलवावे, आणि कोणी वडीलधारे आडवे आले तर त्यांना जेजुरीच्या घोड्याविषयी विचारावे. मी हे सांगतो म्हणजे सगळीकडे असे चालते, असे मात्र समजू नका. काही घरांत भाऊबंदांखेरीज कोणी तळी उचलत नाही, काही घरांत आता स्त्रियाही उचलतात, आणि पाळत असलेला कुळाचार आपल्या सासरच्यांना विचारल्यावाचून मोडू नये. मुसलमानांमध्येही हे सर्वांना मान्य आहे असे नाही: चाचांच्या थोरल्या मुलाला वडिलांचे तळीला जाणे आवडत नसे, आणि त्याने ते आमच्यासमोर स्पष्ट सांगितलेही होते. चाचा तरीही येत राहिले. काका त्या दिवशी मुद्दाम उशिरा येत.

भंडारा मात्र ओळखीच्या दुकानातून, शुद्ध हळदीचाच घ्यावा. यात्रेच्या दिवसांत रंग मिसळलेली पिवळी पूड सर्रास विकली जाते आणि ती डोळ्यांत गेल्यास फार आग होते.