जॉर्जियाच्या मिखाईल साकाश्विली यांच्या वकिलीचा त्यांच्या देशाला उपयोग झाला का?

प्रश्न असा आहे की जॉर्जियाचे माजी राष्ट्राध्यक्ष साकाश्विली मुळात वकील, मग सत्ता हाती आल्यावर त्यांच्या कायद्याच्या शिक्षणाचा देशाला फायदा झाला का. मी एकोणीस वर्षं जिल्हा न्यायालयात फौजदारी बाजूची वकिली करतो आणि या माणसाबद्दल मिळेल ते वाचत आलो आहे. माझ्या मते सरकारी कचेऱ्यांना फायदा झाला, कोर्टांना झाला नाही. मला त्याचं वाईट वाटतं.

कीव्हमध्ये आंतरराष्ट्रीय कायदा, मग कोलंबिया विद्यापीठात एलएल.एम., न्यूयॉर्कच्या एका लॉ फर्ममध्ये थोडे दिवस काम. तिथून जॉर्जियातले राजकीय नेते झुराब झ्वानिया यांनी त्यांना परत बोलावलं आणि १९९५ मध्ये ते संसदेत गेले. २००० साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष शेवर्दनाद्झे यांनी त्यांना न्यायमंत्री केलं. पुढच्या वर्षी या न्यायमंत्र्याने भर बैठकीत सहकाऱ्यांच्या आलिशान बंगल्यांचे फोटोच समोर ठेवले. मंत्र्याच्या पगारात असे बंगले उभे राहत नाहीत, एवढाच मुद्दा. सप्टेंबर २००१ मध्ये राजीनामा देऊन ते बाहेर पडले. त्यांच्यातला वकील मला सगळ्यात जास्त इथे दिसतो. नुसता आरोप करून ते थांबले नाहीत, पुरावा घेऊन उभे राहिले.

नोव्हेंबर २००३ च्या निवडणुकीत उघड गैरप्रकार झाले. २२ तारखेला हातात गुलाब घेऊन साकाश्विली आणि त्यांचे लोक संसदेत शिरले, दुसऱ्या दिवशी शेवर्दनाद्झे पायउतार झाले. जानेवारी २००४ मध्ये ९६ टक्के मतं मिळवून साकाश्विली राष्ट्राध्यक्ष झाले, वय ३६.

त्यांनी केलेलं काम खरोखर मोठं होतं. लाचखाऊ वाहतूक पोलीस दल त्यांनी सगळंच्या सगळं बरखास्त केलं आणि चांगल्या पगारावर नवीन माणसं घेतली. पासपोर्टपासून मालमत्तेच्या नोंदीपर्यंतची कामं पुढे एका छताखाली आली. भ्रष्टाचाराच्या जागतिक निर्देशांकात २००३ मध्ये १२४ व्या क्रमांकावर असलेला देश २०१२ मध्ये ५१ वा आला. साध्या दाखल्यासाठी हेलपाटे घालणारे पक्षकार मी रोज बघतो, त्यामुळे हे मला किरकोळ वाटत नाही.

पण कोर्टात काय चाललं होतं? गुन्हा कबूल करून शिक्षा कमी करून घ्यायची तडजोड, म्हणजे प्ली बार्गेनिंग, २००४ मध्ये तिथे आली आणि बहुतेक खटले तिच्यातच मिटू लागले. आपल्याकडेही ही तरतूद आहे, पण सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती, शिवाय महिला आणि लहान मुलांवरचे गुन्हे वगळून. तिथे अशी कुंपणं नव्हती. त्यात निर्दोष सुटणारे आरोपी शंभरात एकही नाही. सुटका होणारच नाही हे माहीत असलेला माणूस पैसे भरून कबुली देतो, मग गुन्हा केलेला असो वा नसो. पंचेचाळीस लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात तुरुंगात सुमारे २४ हजार माणसं झाली. सप्टेंबर २०१२ मध्ये कैद्यांच्या छळाच्या चित्रफिती टीव्हीवर आल्या आणि दोनच आठवड्यांनी साकाश्विलींचा पक्ष निवडणूक हरला. पराभव त्यांनी मान्य केला, हे त्यांच्या बाजूने नोंदवायलाच हवं.

२००८ चं रशियाशी युद्ध, नंतर युक्रेनमध्ये ओडेसाचं गव्हर्नरपद, दोन्ही देशांचं नागरिकत्व जाणं, यावर भरपूर लिहिलं गेलंय. मला वकील म्हणून एका खटल्याबद्दल सांगायचंय. जानेवारी २००६ मध्ये एका तरुण बँक कर्मचाऱ्याचा खून झाला आणि त्यात गृहखात्याच्याच माणसांना शिक्षा झाली. राष्ट्राध्यक्षांच्या माफीने त्यांची शिक्षा निम्मी झाली आणि ते लवकर सुटले. या प्रकरणाचा तपास नीट झाला नाही, असं स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०११ मध्ये, म्हणजे साकाश्विली सत्तेवर असतानाच सांगितलं होतं. २०१८ मध्ये याच माफीबद्दल, ते देशाबाहेर असताना, साकाश्विलींना तीन वर्षांची शिक्षा झाली.

राष्ट्रप्रमुखाने घटनेने दिलेला अधिकार वापरला, तर तो गुन्हा होऊ शकतो का? आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम ७२ (राष्ट्रपती) किंवा १६१ (राज्यपाल) खालची माफी मर्यादित कारणांवर न्यायालय रद्द करू शकतं, पण ती देणाऱ्यावर फौजदारी खटल्याचा विचारही आपण करत नाही. म्हणून पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही सरळ सूडाची कारवाई वाटली होती. त्यांच्यावरच्या काही खटल्यांबद्दल माझं अजूनही तेच मत आहे. पण माफीच्या खटल्याबाबत, शेवटी सांगतोय तो स्ट्रासबर्गचा निकाल वाचून, मी मत बदललं.

ऑक्टोबर २०२१ मध्ये ते लपूनछपून मायदेशी परतले आणि त्बिलिसीत पकडले गेले. मार्च २०२५ मध्ये आणखी दोन निकाल लागले आणि एकूण शिक्षा साडेबारा वर्षांवर गेली. कोर्टं सरकारच्या तालावर चालतात, असं त्यांचं म्हणणं आहे. मात्र तिथल्या न्यायव्यवस्थेतले बरेच वजनदार न्यायाधीश त्यांच्याच राजवटीत पुढे आलेले आहेत.

तुम्हाला खोलात जायचं असेल तर स्ट्रासबर्गचा २३ मे २०२४ चा निकाल वाचा. माफी आणि एका खासदाराला झालेली मारहाण, या २०१८ च्या दोन्ही खटल्यांत त्यांच्या हक्कांचं उल्लंघन झालं नाही, असं न्यायालयाने ठरवलं. माफीच्या अधिकारावरचा भाग सावकाश वाचा, मी तो तीनदा वाचला.