डॅलसला येण्यापूर्वी: मुलाचे फुटबॉल, कॉलेजांची निवड आणि प्रशिक्षकांचे निर्णय

सप्रेम नमस्कार.

तुमचे प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे उत्तर कशाला आहे हे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही एच-१बी व्हिसावर पुण्याहून सहकुटुंब डॅलसच्या उत्तरेकडील उपनगरांत येत आहात. मुलगा नववीत आहे, रग्बी खेळतो, अंगापिंडाने मजबूत आहे आणि अमेरिकन फुटबॉल खेळून कॉलेजची शिष्यवृत्ती मिळवावी अशी त्याची इच्छा आहे. दहावी पुण्यातच करून यावे की आत्ताच, घर कोणत्या शाळेच्या हद्दीत घ्यावे, आणि कॉलेजचे प्रशिक्षक मुले कशी निवडतात व त्यांच्या शब्दावर किती विसंबावे, असे तुम्ही विचारले आहे. आमचा मुलगा याच भागातल्या सार्वजनिक शाळेकडून खेळला आणि आता एका लहान कॉलेजच्या संघात आहे, त्यामुळे या सगळ्या वाटेची मला पालक म्हणून चांगली ओळख आहे.

आधी दहावीचे सांगतो, कारण तो निर्णय तुम्हाला सर्वांत लवकर घ्यायचा आहे. केवळ फुटबॉलचा विचार केला तर नववी संपताच यावे असे माझे स्पष्ट मत आहे. बोर्डाची परीक्षा देऊन मग यावे हा आपल्याकडचा स्वाभाविक विचार मला समजतो, पण त्याचा परिणाम असा होतो की मुलगा इथे थेट अकरावीत दाखल होतो, त्याच्या हाती शाळेचे दोनच हंगाम उरतात, आणि ज्या १ सप्टेंबरपासून कॉलेजचे प्रशिक्षक अकरावीतल्या मुलांना पत्रे व संदेश पाठवू शकतात, त्या दिवशी तुमच्या मुलाचा या खेळातला फार तर एखादाच सामना झालेला असतो. नववीनंतर आलात तर दहावीचे वर्ष कनिष्ठ संघात शिकण्यात जाईल आणि अकरावीत दाखवण्यासारखे चित्रीकरण हाती असेल.

दुसरे कारण अभ्यासाचे आहे. कॉलेजच्या खेळांचे नियमन करणारी एनसीएए ही संस्था पहिल्या (तिन्हींतल्या सर्वांत वरच्या) श्रेणीसाठी नववीपासूनचे १६ मुख्य विषय मोजते, त्यांत ४ पैकी किमान २.३ सरासरी मागते, आणि त्यांपैकी १० विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण झालेले असावे लागतात. या दहांतले सात इंग्रजी, गणित आणि विज्ञान यांतलेच हवेत. त्यामुळे तुमच्या मुलाची पुण्यातली नववीसुद्धा या हिशेबात येते. शाळेचा शिक्का आणि मुख्याध्यापकांची सही असलेली मूळ गुणपत्रिका निघण्यापूर्वी मागून घ्या, कारण इथे आल्यावर ती मागवताना फार दमछाक होते. इथल्या शाळेत गेल्यावर पहिल्याच भेटीत समुपदेशकाला सांगा की मुलाचे विषय एनसीएएच्या यादीप्रमाणे लावायचे आहेत. तुम्ही सांगितले नाही तर तो विचारेलच असे नाही.

आता निवडीचे. मे महिन्यातल्या दुपारी मोठ्या शाळांच्या मैदानावर सराव चालू असतो आणि धावपट्टीच्या कडेला कॉलेजांची बोधचिन्हे असलेले टी-शर्ट घातलेली चार-सहा माणसे उभी असतात. ती टाळ्या वाजवत नाहीत, मुलांशी फारसे बोलत नाहीत. मुलगा पाण्याला येतो तेव्हा त्याच्या मनगटाकडे, पोटऱ्यांकडे, खांद्यांच्या रुंदीकडे पाहतात, कारण पंधरा-सोळा वर्षांच्या पोराचे शरीर आणखी किती भरेल याचा त्यांना अंदाज घ्यायचा असतो. सराव संपला की ती शाळेच्या मुख्य प्रशिक्षकांच्या खोलीत जातात आणि विचारतात की पोरगा वर्गात कसा आहे, पहाटेच्या व्यायामाला वेळेवर येतो का, मार लागल्यावर उठतो कसा. टेक्ससमध्ये शाळेच्या प्रशिक्षकाच्या शब्दाला एवढे वजन आहे की त्याने नुसते खांदे उडवले तरी त्या कॉलेजचा विषय तिथेच संपतो. म्हणून खासगी दलालांना पैसे देऊन मुलाची जाहिरात करण्यापेक्षा त्याने शाळेच्या प्रशिक्षकाचा विश्वास मिळवावा. संकेतस्थळांवर मुलांना दोन ते पाच तारे देतात, त्यांचीही चर्चा तुमच्या कानावर येईल. ज्यांच्यामागे आधीच पंचवीस कॉलेजे आहेत त्यांना त्या ताऱ्यांचा उपयोग असतो, तुमच्या मुलाने त्यांच्याकडे पाहू नये.

प्रत्येक कॉलेजच्या कार्यालयात जागेनुसार यादी असते. समजा त्या वर्षी बचावफळीच्या मधल्या जागेसाठी दोन मुले हवी आहेत, तर यादीत पंधरा नावे असतात आणि त्यांपैकी सात-आठ जणांना ‘ऑफर’ म्हणून फोन जातो. जो आधी होकार देईल आणि प्रशिक्षकांना ज्याचा होकार हवा असेल, त्याची जागा पक्की होते. तोंडी ऑफर कोणालाच बांधील नसते; लेखी देकार बारावीच्या १ ऑगस्टपासूनच देता येतो, आणि सही डिसेंबरच्या सुरुवातीला किंवा फेब्रुवारीत होते. म्हणून फोन आला की आनंद जरूर करावा, पण लगोलग नम्रपणे विचारावे, ‘आज मी होकार दिला तर आपण तो स्वीकाराल का?’ उत्तरात ‘आधी आमच्या जूनच्या शिबिराला येऊन जा’ असे आले, तर तुमचे नाव यादीत खाली आहे असे समजावे. या प्रश्नाने कोणी रागावत नाही.

प्रशिक्षकांच्या शब्दावर विसंबण्याबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. मुलाशी दोन वर्षे प्रेमाने बोलणारा प्रशिक्षक खोटा असतो असे अजिबात नाही. पण त्याची नोकरी त्याच्या हातात नसते आणि त्याची महत्त्वाकांक्षा तुमच्या मुलाच्या वेळापत्रकाने चालत नाही. १० जानेवारी २०२४ रोजी अलाबामा विद्यापीठाच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक निक सेबन निवृत्त झाले. त्यांच्या जागी वॉशिंग्टनचे केलन डीबोअर आले, वॉशिंग्टनने ॲरिझोनाचे जेड फिश यांना नेले, ॲरिझोनाने सॅन होजे स्टेटचे ब्रेंट ब्रेनन यांना बोलावले, आणि सॅन होजे स्टेटने केन नियुमाटालोलो यांना नेमले. जानेवारी संपण्याआधी एका माणसाच्या निवृत्तीने चार विद्यापीठांतल्या मुलांचे मुख्य प्रशिक्षक बदलले. ज्युलियन सेयिन हा क्वार्टरबॅक (चढाईचे सूत्र सांभाळून चेंडू फेकणारा खेळाडू) नुकताच अलाबामात दाखल झाला होता. तो लगेच ओहायो स्टेटला गेला, आणि अलाबामाच्या बचावफळीतला केलब डाउन्सही तिकडेच गेला. ते दोघे देशातल्या सर्वांत नावाजलेल्या मुलांपैकी होते, त्यांच्यासाठी दारे उघडीच होती. त्याच साखळीत ज्यांना नव्या प्रशिक्षकाने ‘तू आमच्या पद्धतीत बसत नाहीस’ असे सांगितले, त्यांची नावे वर्तमानपत्रांत आली नाहीत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पेन स्टेटने मुख्य प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांना हंगामाच्या मध्यातच काढले, नोव्हेंबरमध्ये ते व्हर्जिनिया टेकला रुजू झाले, आणि पेन स्टेटला होकार दिलेली बरीच मुले डिसेंबरच्या सह्यांपर्यंत त्यांच्या मागोमाग गेली किंवा दुसरीकडे वळली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला प्रशिक्षक लेन किफिन यांनी ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) सोडून एलएसयूची (लुइझियाना स्टेट विद्यापीठाची) नोकरी पत्करली. त्या वेळी त्यांचा संघ ११ सामने जिंकून राष्ट्रीय स्पर्धेच्या उंबरठ्यावर उभा होता. असा संघ सोडून प्रशिक्षक जाऊ शकतो, तर बारावीतल्या मुलाला दिलेल्या आश्वासनाने तो थांबेल अशी अपेक्षा कोणत्याही बापाने धरू नये.

आमच्या घरीही हे झाले. एका मोठ्या विद्यापीठाचा बचावफळीचा प्रशिक्षक मुलाच्या वाढदिवशीसुद्धा आठवणीने फोन करायचा; सह्यांच्या काही आठवडे आधी तो दुसरीकडे गेला, आणि नव्या प्रशिक्षकाने सभ्य शब्दांत कळवले की त्या जागेवर अनुभवी खेळाडू घेणार आहोत. मुलाने दोन दिवस जेवण धड घेतले नाही. ज्या लहान कॉलेजने आधीपासून त्याच्या गणितातल्या गुणांची विचारपूस केली होती तिथे तो गेला.

‘अनुभवी खेळाडू’ हे प्रकरणही नीट समजून घ्या, कारण तुमचा मुलगा बारावीत पोहोचेल तेव्हा त्याची खरी स्पर्धा याच खेळाडूंशी असेल. २०१८ च्या ऑक्टोबरात ‘ट्रान्सफर पोर्टल’ (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी) सुरू झाले, २०२१ पासून एकदा कॉलेज बदलल्यास वर्षभर बाहेर बसण्याची अट गेली, आणि २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पाळल्यास कितीही वेळा बदलता येते. त्यामुळे प्रशिक्षकासमोर एका बाजूला अठरा वर्षांचा होतकरू मुलगा आणि दुसऱ्या बाजूला कॉलेजच्या मैदानावर दोन हंगाम खेळलेला एकवीस वर्षांचा गडी असतो. कर्ट सिग्नेटी यांनी इंडियाना हा वर्षानुवर्षे हरणारा संघ हाती घेतला, आपल्या जुन्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातले खेळाडू बरोबर आणले, पुढे कॅलिफोर्नियाहून क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोसा याला घेतले, आणि जानेवारी २०२६ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. हे यश पाहिल्यावर शाळकरी मुलांवर चार वर्षे मेहनत घेण्याचा धीर किती प्रशिक्षक धरतील, याची मला काळजी वाटते.

खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या दाव्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर तिच्यात सामील झालेल्या पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांत फुटबॉल संघाची मर्यादा १०५ खेळाडूंची झाली. पूर्वी ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, पण शिष्यवृत्तीविना सराव करणारी आणखी तीस-चाळीस मुले संघात असत. आपल्या मुलांसारख्या उशिरा खेळ शिकलेल्यांना तीच वाट सोयीची होती आणि तीच आता अरुंद झाली आहे.

त्याच तडजोडीने कॉलेजांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षासाठी ही मर्यादा प्रत्येक कॉलेजमागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. जाहिरातींतून कमाई करण्याची परवानगी तर जुलै २०२१ पासून आहे. इथे तुमचा व्हिसा आडवा येतो. तुमचा मुलगा एच-४ वर, म्हणजे एच-१बीधारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर असेल. त्याला शिकता येते, शिष्यवृत्ती घेता येते, पण काम करून पैसे मिळवता येत नाहीत. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो आणि विद्यार्थ्यांच्या एफ-१ वर जावे लागते, तिथेही कामावर कडक बंधने आहेत. शाळेतल्या मित्राने बुटांच्या दुकानाची जाहिरात केली म्हणून आपल्याही मुलाने केली, तर पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी ती अंगाशी येऊ शकते. अशी कोणतीही रक्कम स्वीकारण्यापूर्वी स्थलांतराच्या वकिलाला विचारा. प्रशिक्षकाचा किंवा कॉलेजच्या क्रीडा विभागाचा सल्ला यात पुरेसा धरू नका.

शक्यता किती, हेही सांगायला हवे. एनसीएएच्या अंदाजाप्रमाणे शाळेत फुटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी सुमारे सात जण कोणत्या तरी श्रेणीत कॉलेजकडून खेळतात आणि पहिल्या श्रेणीत तिघांच्या आसपास पोहोचतात. म्हणून यादी करताना तिसऱ्या श्रेणीची कॉलेजे आधी लिहा. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, पण अभ्यासावर आणि घरच्या उत्पन्नावर मदत मिळते. मात्र परदेशी नागरिकांना ती मिळते का, हे प्रत्येक कॉलेजला वेगळे विचारावे लागते. एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, कार्नेगी मेलन, शिकागो विद्यापीठ ही सगळी तिसऱ्या श्रेणीत फुटबॉल खेळतात, आणि कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा पहिला हाइसमन पुरस्कार १९३५ साली शिकागोच्याच जे बरवांगर यांना मिळाला होता. गणितात चांगला असलेला, पण मोठ्या संघाला दोन इंच कमी पडणारा मुलगा अशा प्रशिक्षकांना मनापासून हवा असतो. टेक्ससच्या सरकारी विद्यापीठांत एच-४ वरील मुलाला रहिवाशांच्या दराने फी लागू शकते, तीही चौकशी करून ठेवा.

घराबद्दल सांगायचे तर ॲलनसारख्या गावाचे आकर्षण मी समजू शकतो. तिथले १८,००० प्रेक्षकांचे स्टेडियम पाहून कोणाही मुलाचे डोळे दिपतात, आणि पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेलेला नामवंत क्वार्टरबॅक कायलर मरी तिथेच घडला. पण अख्ख्या गावाची एकच मोठी शाळा असल्याने दुसरीपासून हेल्मेट घालून खेळणारी मुले तिथे एकेका जागेसाठी झगडतात, आणि नवख्या मुलाला सामन्यात उतरायलाच मिळाले नाही तर कॉलेजला पाठवायचे चित्रीकरण कुठून येणार? फ्रिस्कोने मुद्दाम लहान-लहान शाळा ठेवल्या आहेत. तिथे तुमच्या मुलाला मैदान लवकर मिळेल असे मला वाटते, शिवाय मराठी घरेही भरपूर आहेत. एकदा शाळा घेतली की खेळासाठी ती बदलू नका, कारण टेक्ससच्या नियमाप्रमाणे केवळ खेळासाठी शाळा बदलल्याचे ठरले तर मुख्य संघातून किमान एक वर्ष बाहेर बसावे लागते. कोणत्याही विषयात ७० पेक्षा कमी गुण पडले तरी किमान तीन आठवडे सामने बंद होतात.

शक्य असेल तर जूनच्या सुरुवातीला या. उन्हाळी व्यायामवर्ग तेव्हा चालू असतात आणि ऑगस्टमध्ये सराव सुरू होण्याआधी प्रशिक्षकांना मुलाचे नाव व चेहरा ओळखीचा होतो. सोबत नववीची गुणपत्रिका, लसीकरणाची नोंद, रग्बीच्या सामन्यांचे असेल ते चित्रीकरण आणि शाळा सोडल्याचा दाखला आणा. क्रीडा विभागाची वैद्यकीय तपासणी आणि पूर्वीच्या खेळाच्या सहभागाचा फॉर्म इथे आल्यावर पहिल्या आठवड्यातच उरकून घ्या. रग्बीतला टॅकल त्याच्या नक्की उपयोगी पडेल. समोरच्याला न धरता हातांनी ढकलून अडवण्याची इथली पद्धत मात्र त्याला पूर्ण नवीन असेल, तिचा सराव तिकडूनच सुरू केला तरी हरकत नाही.