मोटार रिवाइंडिंग: कोर्स कुठे करायचा आणि कर्ज केव्हा घ्यायचं

तुमचा प्रश्न असा आहे: बारावी झाली आहे, माढा तालुक्यात गाव, मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटारीत तांब्याची तार नव्याने भरून देण्याचं दुकान टाकायचं आहे. आरसेटीचा मोफत कोर्स करावा, पाबळच्या (जि. पुणे) विज्ञान आश्रमात वर्षभर जावं की शहरात फी भरून शिकावं? चुलते म्हणतात, आधी सबसिडीचं दहा लाखांचं कर्ज काढ. शिवाय वहिनींना शिवणकाम सुरू करायचं आहे.

माझं मत आधी सांगतो. आरसेटीत जा, पण तो कोर्स म्हणजे फक्त सुरुवात समजा. त्यानंतर किमान एक पूर्ण हंगाम चालत्या दुकानात हाताखाली काम करा. दुकान आणि कर्ज त्यानंतर.

आरसेटी म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. जिल्ह्यातली अग्रणी बँकच ती चालवते. 1982 साली कर्नाटकात उजिरे इथे धर्मस्थळाचे वीरेंद्र हेगडे आणि दोन बँका यांनी मिळून रुडसेटी सुरू केली, त्या नमुन्यावर पुढे देशभर या संस्था निघाल्या. राहणं-जेवण फुकट असतं. रिवाइंडिंगचा कोर्स महिनाभराचा. त्यात बाजार पाहणी, प्रकल्प अहवाल, बँकेचे व्यवहार हेही शिकवतात. रिंग टाकणे, ठोकळ्यांचा मनोरा रचणे असले खेळ घेतात, ते पाहून अनेक मुलांना वाटतं वेळ वाया चालला. तसं नाही. आपण किती जोखीम घेतो आणि अंदाज कुठे चुकतो, हे त्यात कळतं. आणि कोर्स संपला की संस्था तुम्हाला सोडत नाही. पुढे दोन वर्षं पाठपुरावा करणं हे तिचं कामच आहे. तो हक्काने मागून घ्या. बँकेत अर्ज अडला तर सरळ संचालकांना फोन करा.

पाबळचा विज्ञान आश्रम डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 साली सुरू केला. मला त्या जागेबद्दल फार आदर आहे. वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, शेती, अन्नप्रक्रिया असं सगळं तिथे हाताने करत शिकायला मिळतं. कोणता धंदा करायचा हेच ज्याचं ठरलेलं नाही, त्याला मी डोळे मिटून तिकडे पाठवीन. तुमचं ठरलेलं आहे. शहरातल्या फीवाल्या क्लासबद्दल एकच विचारा: रोज किती जळक्या मोटारी प्रत्यक्ष उघडायला देणार? उत्तर नीट मिळालं नाही तर पैसे भरू नका.

आता हाताखाली काम करण्याबद्दल. आपल्याकडे मोटारी का जळतात? तीनपैकी एक फेज जाते आणि मोटार दोन फेजवर ओढत राहते. व्होल्टेज पडलेलं असतं. स्टार्टरचा ओव्हरलोड रिले (जादा भार आला की मोटार बंद करणारा भाग) कुणीतरी बायपास केलेला असतो. विहिरीचं पाणी तुटतं आणि पंप कोरडा फिरतो. नुसतं वाइंडिंग भरून दिलं आणि हे कारण तसंच राहिलं, तर तीच मोटार पुन्हा तुमच्या दारात येते आणि शेतकरी म्हणतो, काम कच्चं. हे कारण शोधणं वर्गात शिकता येत नाही. त्यासाठी बांधावर जाऊन स्टार्टर उघडावा लागतो.

दुसरी गोष्ट वहीची. जुनं वाइंडिंग कापण्याआधी टर्न (वेढे), तारेचं गेज (जाडी), पिच (गुंडाळीच्या दोन बाजूंमधलं खाचांचं अंतर), कनेक्शन, एचपी आणि कंपनी हे सगळं लिहून ठेवा. गेज मायक्रोमीटरने मोजा, नजरेने नाही. चांगल्या कारागिराच्या वहीत गावोगावच्या मोटारींचा डेटा असतो, आणि एखादी मोटार सगळं वाइंडिंग उपसून आलेली असली तरी तो ती भरून देऊ शकतो. उस्ताद वही दाखवत नसेल तर स्वतःची पहिल्या दिवसापासून सुरू करा. मोनोब्लॉकला (पाण्याबाहेर बसणारा, मोटार-पंप एकत्र असलेला) इनॅमलची तार आणि वॉर्निश, पाण्यात बुडणाऱ्या, आत पाणी भरलेल्या सबमर्सिबलला प्लॅस्टिक आवरणाची तार आणि वॉर्निश नाही. दोन्हींचा हात बसू द्या. मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावल्याशिवाय एकही मोटार दुकानाबाहेर जाऊ देऊ नका.

धंद्याचं गणितही तिथेच कळतं. काम हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तुंबतं आणि पावसाळ्यात बसून राहावं लागतं. उधारी उसाचं बिल येईपर्यंत थांबते, तांबं मात्र रोखीने घ्यावं लागतं. जळक्या तांब्याचा हिशेब गिऱ्हाइकासमोर वजन करून द्या. तुमच्याबद्दल गावात जे बोललं जाईल ते बरंचसं या तराजूवर ठरेल.

चुलत्यांचा मुद्दा. पीएमईजीपीत (नव्या धंद्यासाठी केंद्राची सबसिडीवाली कर्ज योजना) ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला 25 टक्के आणि विशेष गटाला (महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी वगैरे) 35 टक्के अनुदान आहे, हे खरं. स्वतःचे 10 किंवा 5 टक्के घालावे लागतात. पण अनुदान हातात येत नाही. ते बँकेत तीन वर्षं वेगळं ठेवलं जातं, धंदा चालू असल्याची पाहणी होते, मग कर्जात वळतं होतं. बाकी सगळं फेडायचं तुम्हालाच आहे. रिवाइंडिंगला सुरुवातीला हाताचं वाइंडिंग मशीन, मेगर, क्लॅम्प मीटर, बेअरिंग पुलर, चेन कप्पी आणि थोडं तांबं लागतं. त्याला केंद्राच्या मुद्रा योजनेतलं सर्वांत लहान, शिशू कर्ज पुरतं. मर्यादा 50,000 रुपये, तारण नाही. गिऱ्हाईक जमल्यावर मोठ्या कर्जाला जा, तेव्हा बँकेलाही तुमच्या खात्यात उलाढाल दिसेल.

आणखी एक, हे कुणी सांगणार नाही म्हणून सांगतो. सौर पंप झपाट्याने येत आहेत. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकरी किमतीच्या 10 टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा शेतकरी 5 टक्के. पहिली पाच वर्षं दुरुस्ती कंपनीकडे असते, त्यामुळे आज ते काम तुमच्याकडे येणार नाही. पण ही मुदत संपत जाईल तेव्हा तालुक्यात कंट्रोलर आणि डीसी मोटार उघडता येणारी माणसं लागतील. रिवाइंडिंगचा हात बसला की लगेच त्यामागे लागा. जमल्यास कंपनीच्या सर्व्हिस टीममध्येच काही महिने काम करा.

वहिनींना पूर्ण शिकायचं असेल तर आरसेटीतच महिलांसाठी शिवणकामाचा कोर्स आहे. त्या आधीपासून घरी शिवत असतील तर पीएम विश्वकर्मा ही कारागिरांसाठीची केंद्राची योजना पाहा. त्यातल्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे, रिवाइंडिंग नाही. पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण, रोज 500 रुपये भत्ता, अवजारांसाठी 15,000 रुपये आणि पहिलं कर्ज एक लाखापर्यंत 5 टक्के व्याजाने. नोंदणी सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर) केंद्रात होते आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत, म्हणून आधी सरपंच किंवा ग्रामसेवकांशी बोलून घ्या. शिंपीकामाचे अर्ज सध्या घेत आहेत का, तेही केंद्रात विचारा.

आरसेटीच्या पुढच्या बॅचची तारीख कळली की इथे लिहा. टेंभुर्णी-कुर्डुवाडीकडे हाताखाली घेतील असे दोन-तीन कारागीर माझ्या ओळखीचे आहेत, त्यांच्याशी मी बोलून ठेवतो.