पोटाखालची तोफ आणि कपाटातला ओलावा

प्रश्न : मी कराडला राहतो. लढाऊ विमानांची डायकास्ट (म्हणजे साच्यात धातू ओतून केलेली) मॉडेल जमवायची आहेत, पण काचेचे कपाट एकच आणि तेही लहान. १:७२ घ्यावे की १:१४४?

उत्तर : १:७२ हे प्रमाण इंच-फुटांच्या मोजणीतून आले आहे, मॉडेलवरचा एक इंच म्हणजे मूळ विमानाचे सहा फूट. लढाऊ विमानांची निवड या प्रमाणात भरपूर मिळते, त्यामुळे जागा कमी आहे एवढ्याच कारणासाठी ते सोडू नये. आधी कोणती विमाने हवीत ते ठरवा. १:७२ मध्ये सुखोई-३० एमकेआय साधारण ३०.५ सेंटीमीटर लांब आणि २० सेंटीमीटर रुंद होते, राफेल २१ सेंटीमीटर लांब असते, तर १९६५ च्या युद्धात नावाजलेले चिमुकले नॅट जेमतेम १२ सेंटीमीटरचे भरते. म्हणजे एका सुखोईच्या जागेत चार नॅट सहज बसतात. मात्र एका फळीवर दोन प्रमाणे मांडू नका. १:१४४ चे सुखोई १:७२ च्या नॅटशेजारी ठेवले, तर दोन्ही विमाने जवळजवळ सारखीच दिसतात आणि नॅटचे खरे वैशिष्ट्य, म्हणजे त्याचा लहानपणा, नाहीसा होतो.

प्रश्न : सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यापासून मला त्याचे भारतीय मॉडेल हवे आहे. एक विक्रेता ‘१९७१ च्या युद्धातले मिग-२१’ म्हणून जुने मॉडेल देऊ करतो. ते खरे कसे ओळखावे? (सांगली)

उत्तर : मॉडेल हातात घेतल्यावर ते आधी उलटे करा. १९७१ मध्ये आपल्याकडे लढले ते मिग-२१ एफएल. या आवृत्तीत तोफ विमानाच्या अंगात बसवलेली नव्हती. पोटाखाली जीपी-९ नावाची स्वतंत्र पेटी लावून तिच्यात २३ मिलिमीटरची जोडनळी तोफ बसवत. १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर पाकिस्तानी एफ-१०४ पाडले गेले ते या तोफेनेच. नंतरच्या बिस आणि बायसन या आवृत्त्यांत तोफ पोटातच बसवलेली आहे आणि कॉकपिटमागचा पाठीचा कणाही इंधनटाकीमुळे ठळकपणे जाडजूड दिसतो. जाड पाठीच्या मॉडेलवर १९७१ चा शिक्का असेल, तर ते तुमच्या कामाचे नाही. पंखांखाली आर-७७ क्षेपणास्त्रे लटकत असतील तरीही तोच निष्कर्ष काढावा, कारण ती बायसनबरोबर आली. १९७१ ची शोभतात ती के-१३. आपल्या मिग-२१ च्या क्रमांकाची सुरुवात ‘सी’ या अक्षराने होते आणि हवाई दलाच्या गोल बोधचिन्हात केशरी रंग मध्यभागी, हिरवा बाहेर असतो, हेही तपासा.

मी स्वतः नॅटच्या बाबतीत असाच फसलो आहे. ऑनलाइन घेतलेले ‘भारतीय नॅट’ घरी उघडून पाहिले तर कॉकपिटमध्ये दोन खुर्च्या होत्या. ते ब्रिटिशांचे प्रशिक्षण विमान होते, आपल्या एकआसनी नॅटपेक्षा लांब आणि रुंद पंखांचे, आणि त्यावर कोणीतरी आपले बोधचिन्ह चिकटवले होते. छायाचित्रातल्या खुर्च्या मोजल्या असत्या तर तेव्हाच कळले असते.

प्रश्न : ही मॉडेल पुढे जास्त किमतीला विकता येतील का? (विटा)

उत्तर : त्या हिशेबाने घेऊ नका. तेच विमान पुन्हा बाजारात आले की जुन्याचा भाव उतरतो. डबा आणि त्यात मॉडेल बसवायचा साचा तेवढा जपावा. तो नसेल तर घेणारा हमखास घासाघीस करतो.

प्रश्न : अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आमचे घर आहे आणि पावसाळ्यात भिंतींना पाझर फुटतो. एका जुन्या मॉडेलवर पांढरट थर आला आहे. ही ‘जस्ताची कीड’ असेल का? शेजारच्या मॉडेलना लागेल का? (सातारा)

उत्तर : कोरड्या मऊ ब्रशने थर निघाला आणि खालचा रंग सपाट, अखंड राहिला, तर ती साधी बुरशी आहे. रंगाला फुगवटे आले, बारीक भेगा पडल्या किंवा पंख वाकू लागला, तर मात्र खरी कीड समजावी. हिच्यात जीवजंतू काहीच नसतो. डायकास्टचा मिश्रधातू मुख्यतः जस्ताचा, त्यात थोडे ॲल्युमिनियम असते. ओतताना त्यात शिशासारखी अशुद्धी अगदी किंचित जरी राहिली, तरी धातूच्या कणांच्या सांध्यांतून गंज आत शिरतो आणि वस्तू फुगून ठिसूळ होते. दोष ओतकामाच्या वेळचा असल्यामुळे ती शेजारच्या मॉडेलना लागत नाही आणि तिच्यावर उपायही नाही. दमट, उबदार हवेत तिचा वेग वाढतो, तेव्हा हवा कोरडी ठेवणे एवढेच तुमच्या हातात आहे.

म्हणून कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि निळ्या दाण्यांचा रंग गुलाबी झाला की बदला. पावसाने उघडीप दिली म्हणून मॉडेल उन्हात वाळवू नका. चिन्हांची चिकटपट्टी पिवळी पडते आणि प्लॅस्टिकचे पातळ भाग वाकतात. थिनर तर मॉडेलच्या जवळपासही नेऊ नका. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये मॉडेल मूळ डब्यात परत जातात, आणि दसऱ्याला पुन्हा फळीवर येतात.