नाशिकमध्ये समुद्राच्या पाण्याचा टँक लावलाय. मंडारिन फिशपासून सुरुवात करू का, की दुसरा एखादा दुर्मीळ रंगीत मासा घेऊ?

मंडारिन घेऊ नका. निदान पहिलं वर्षभर तरी नाही.

तुम्ही लिहिलंय की टँक १२० लिटरचा आहे, पाणी भरून दीड महिना झालाय आणि पैशाची अडचण नाही. सात वर्षांपूर्वी माझं अगदी हेच होतं, पैशाचं सोडून. मी इंदिरानगरला राहतो. क्रॉफर्ड मार्केटमधून मंडारिन घेतला आणि थर्माकोलचा डबा मांडीवर ठेवून पंचवटी एक्सप्रेसने आणला. शेजारच्या पासवाल्या काकांनी झाकण उघडायला लावलं आणि म्हणाले, "हा तर येवल्याच्या पैठणीचा पदर आहे!" निळ्यावर नारिंगी नागमोडी रेघा, मध्येच हिरवा. बोटाएवढा जीव, पण गाडीचा सगळा डबा वाकून बघत होता.

त्या निळ्याची गंमत सांगतो. मोराच्या पिसातला निळा हा उजेडाचा खेळ असतो, त्यात निळं रंगद्रव्य नसतं. बहुतेक निळ्या प्राण्यांचं असंच आहे. मंडारिनच्या कातडीत मात्र खरोखरचं निळं रंगद्रव्य भरलेल्या पेशी आहेत. जपानी संशोधकांनी १९९५ साली त्या दाखवून दिल्या. अंगावर खवले नाहीत, वर कडवट, वासाचा बुळबुळीत थर. त्यामुळे दुसरे मासे सहसा वाटेला जात नाहीत.

मग माझा मंडारिन मेला कशाने? उपासमारीने. याचं तोंड टाचणीच्या डोक्याएवढं, आणि खाणं म्हणजे दगडांवर फिरणारे कोपेपॉड नावाचे बारीक जीव, डोळ्यांना जेमतेम दिसणारे. दिवसभर एकेक टिपत हिंडतो. माझ्या नव्या कोऱ्या टँकमध्ये ते संपायला दोन आठवडे पुरले. सुके दाणे टाकले, फ्रोझन टाकलं, ढुंकून बघितलं नाही. पोट आत गेलं, पाठीचा कणा दिसायला लागला, सातव्या आठवड्यात गेला. रंग शेवटच्या दिवसापर्यंत तसाच होता. म्हणूनच तो मरतोय हे कळायला मला इतका उशीर लागला.

आता तुमच्या 'दुर्मीळ' शब्दाकडे येतो. दुकानदार दुर्मीळ, महाग आणि अवघड हे तिन्ही एकाच पिशवीत घालून विकतो. मंडारिन फिलिपिन्स, इंडोनेशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंत सापडतो. तो दुर्मीळ नाही, पाळायला अवघड आहे. उलट पेपरमिंट एंजलफिश हा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा लाखांच्या भावात जातो, कारण तो कुक बेटांजवळ ५० मीटरच्या खाली, कित्येकदा १०० मीटरच्याही खाली राहतो. तिथे जाणाऱ्या पाणबुड्याला आणि वर येणाऱ्या माशाला, दोघांनाही दाब एकदम उतरू नये म्हणून हळूहळू वर यावं लागतं. पैसे त्या खोलीचे. तो आपल्यासारख्यांनी फोटोतच बघावा.

आणि मग आहे बांगाई कार्डिनल. रुपेरी अंग, काळे उभे पट्टे, झालरीसारखे लांब पर, त्यावर पांढरे ठिपके. इंडोनेशियातल्या बांगाई बेटांपलीकडे तो मुळात कुठेच नव्हता. १९३३ साली शास्त्रात नोंद झाली, मग साठ वर्षं विस्मरणात, आणि १९९४ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ जेराल्ड ॲलन यांनी पुन्हा शोधला. त्यानंतर टँकवाल्यांनी इतका उपसला की २००७ मध्ये तो धोक्यात आलेल्या प्रजातींच्या जागतिक यादीत गेला. एवढा दुर्मीळ, पण टँकमध्ये? मंडारिनच्या मानाने गरीब गाय.

याचं कारण त्याच्या बाळंतपणात आहे. बहुतेक समुद्री माशांची पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि त्यांना घरात वाढवणं महाकठीण. बांगाईचा नर अंडी तोंडात धरतो. वीसेक दिवसांनी पिल्लं फुटली तरी आणखी आठवडाभर ती बापाच्या तोंडातच, आणि एवढे दिवस बाप उपाशी. पिल्लं बाहेर पडतात ती आईबापांची छोटी नक्कलच, लगेच आर्टेमिया (बारीक खारी कोळंबी) खाणारी. वाहून जाणं नाही, म्हणून तो मासा त्या बेटांपलीकडे पसरला नाही. आणि म्हणूनच तो घरात वाढतो. तेव्हा बांगाई घ्याच, पण टँकमध्ये जन्मलेला आहे का हे आधी विचारा. आणि जोडीच घ्या. मी हौसेने पाच आणले होते. मारामाऱ्या करून दोन उरले.

समुद्रातून पकडलेल्या माशांत आणखी एक भानगड असते. फिलिपिन्स-इंडोनेशियाकडे प्रवाळाच्या कपारीत सायनाइड फवारून मासे गुंगवतात. असा मासा दुकानात छान दिसतो आणि घरी आणल्यावर दोन-तीन आठवड्यांत विनाकारण मरतो. म्हणून दुकानदाराला तुमच्यासमोर खायला टाकायला सांगा. खाल्लं नाही तर "नंतर खाईल" यावर पैसे देऊ नका.

खरा प्रवाळ किंवा समुद्री घोडा कुणी 'आतून' देतो म्हणाला तर हात जोडा. वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ पासून दोन्ही संरक्षित आहेत. माझ्याकडे सिरॅमिकचे दगड आहेत. आता शेवाळ चढल्यावर ओळखूही येत नाहीत.

नाशिकचं म्हणाल तर थंडी आणि ऊन दोन्ही बघावं लागतं. निफाडकडून गारठा आला की हीटर नसेल तर पाणी १९ अंशांवर उतरतं, एप्रिलमध्ये ३१ वर जातं. पाहिजे २५-२६. पंख्याने गार होतं पण पाणी उडतं, आणि उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. भर घालायची ती साध्या आरओच्या पाण्याची. एका दिवाळीत आम्ही गावी गेलो तेव्हा भावाने प्रेमाने रोज मिठाचं पाणी घातलं. परत आलो तर टँकचं लोणचं व्हायचं बाकी होतं. लिटरला ३५ ग्रॅम क्षार, रिफ्रॅक्टोमीटरने (खारटपणा मोजायचं उपकरण) मोजून. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं.

माझा बांगाईचा नर गेले बारा दिवस हनुवटी फुगवून कोपऱ्यात उभा आहे, काही खात नाही. पिल्लं जगली तर द्यायच्या आकाराची व्हायला तीनेक महिने लागतील. तोवर पाण्यातली अमोनिया आणि नायट्राइट ही माशांच्या घाणीतून होणारी विषं दोन्ही शून्यावर आणून ठेवा आणि मला मेसेज करा, दोन देईन. थर्माकोलचा डबा तुमचा.